उशिरा येणारे हसू

वाचकहो, या सदरातून तुम्हांला ‘रोज चाला’ असे वारंवार सांगणाऱ्या मलाच गेल्या भाद्रपदात सक्तीने बसावे लागले. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे सहा आठवडे माझे जग दिवाणखान्यापुरते उरले. ठरलेले व्यायाम करायचे, वॉकर धरून दाराशी जाऊन यायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. सलग वाचन केले की डोळे थकत. वेळ कसा घालवावा हा प्रश्न माझ्या सुनेने सोडवला. तिने टीव्हीवर एक जुनी मालिका शोधून लावून दिली आणि म्हणाली, “आई, तुम्हांला आवडायची ना ही? बघा निवांत.”

ती मालिका होती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली अल्फा टीव्ही मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झाली. आजोबा गंगाधर टिपरे अर्थात आबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे, असे पाच जणांचे मध्यमवर्गीय घर. आठवड्यातून एकदा हे घर आमच्या भेटीला येई आणि आम्हीही पाच जण त्या वेळी टीव्हीसमोर असू. मी, माझे यजमान, चौदा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत माझे सासरे. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणत असू.

पहिले दोन-तीन भाग पाहताना जुने शेजारी पुन्हा भेटल्याचा आनंद झाला. पुढे मात्र मी चकित होत गेले. ही माणसे बदलली होती.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास आणि महिनाअखेरचे हिशेब यांत बुडालेली. श्यामला पडद्यावर आली की कुणीतरी माझीच बाजू मांडते आहे असे मला वाटे. शेखरचा राग येई, कारण तो काही बाबतींत हुबेहूब आमच्या घरातल्यासारखा वागे. शिऱ्याच्या खोड्यांवर माझा मुलगा खूश होई आणि तो त्यांतले नेमके काय उचलणार या काळजीत मी असे. आणि आबा? आबा मला गोड वाटत. ‘गोड वाटणे’ म्हणजे काय, हे आता समजते. ज्यांच्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही, ती माणसे आपल्याला गोड वाटतात.

आता बासष्टाव्या वर्षी श्यामला मला फारच तरुण दिसली. तिला जवळ बसवून ‘अगं, एवढी दगदग करू नकोस’ असे सांगावेसे वाटले. ज्या शेखरवर मी चिडत असे त्याची दया आली. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मुले आणि मधे हा. दोघांचेही ऐकायचे आणि स्वतःचे कुणाला सांगायचे नाही. शिऱ्यात मला मुलाऐवजी नात दिसू लागली. आणि आबांच्या बाबतीत तर नवलच घडले. त्यांच्याकडे पाहण्याऐवजी मी त्यांच्या जागेवर बसून त्या घराकडे पाहू लागले. प्रभावळकरांचा जन्म १९४४चा. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचे वय होते ५७. म्हणजे आजोबा साकारणाऱ्या त्या अभिनेत्याहून मी आज पाच वर्षांनी मोठी आहे!

पात्रे का बदलतात?

तुम्हीही हा अनुभव घेतला असेल. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवले तेव्हा अनेक घरांतून तो आला. लहानपणी ज्यांना फक्त धनुष्यबाण दिसले होते, त्यांना या वेळी दशरथाची घालमेल दिसली. चित्रफितीत एक अक्षरही बदललेले नसते. मधल्या वर्षांत बदललेला असतो तो पाहणारा.

याचा अभ्यासही झाला आहे. क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या संशोधकांनी २०१२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीच पुस्तके पुन्हा वाचणाऱ्या, तेच चित्रपट पुन्हा पाहणाऱ्या आणि त्याच ठिकाणी पुन्हा जाणाऱ्या मोजक्या लोकांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. ही माणसे केवळ सवयीने तेच ते करत नव्हती. जुन्या गोष्टीकडे परतल्यावर त्यांना आपल्यातला बदल मोजता येत होता. लहानपणी दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ ओढतात ना, तसेच हे. चौकट हलत नाही म्हणूनच मूल किती वाढले ते कळते.

या पात्रांशी आपले नाते कसे जुळते, हेही पाहण्यासारखे आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली, टीव्ही अमेरिकेतही नवा होता त्या काळात, पडद्यावरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांची जी एकतर्फी जवळीक जुळते तिचे वर्णन केले. आपण त्यांना ओळखतो, ती आपल्याला ओळखत नाहीत. तरी जवळीक खरी वाटते. पुढे २००९ साली जे डेरिक, शिरा गॅब्रिएल आणि कर्ट ह्युगेनबर्ग यांच्या प्रयोगांत असे दिसले, की एकटे वाटत असताना माणसे आपल्या आवडत्या कार्यक्रमाकडे वळतात आणि त्या कार्यक्रमाचा नुसता विचार केल्यानेही एकटेपणाची बोच कमी होते. आजारपणात, शोकात किंवा परगावी एकट्याने राहताना जुनी मालिका का बरी वाटते, त्याचे हे एक उत्तर. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने मनावर ताण येत नाही आणि ओळखीच्या माणसांची सोबत मिळते.

गंमत म्हणजे गतकाळाच्या या ओढीला पूर्वी आजार समजत असत. योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्याने १६८८ साली घर सोडून दूर गेलेल्या माणसांच्या झुरणीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांतून त्याने ते घडवले होते. मराठीने त्याच भावनेला ‘स्मरणरंजन’ म्हटले. तिकडे वेदना, इकडे रंजन! माझ्या सहा आठवड्यांनी मला शिकवले, की या दोन्ही शब्दांत तथ्य आहे. रंजन आधी येते, वेदना थोडी मागाहून.

आईची भगवंती

‘टिपरे’ने चटक लावली आणि मी आणखी मागे, ‘हम लोग’पर्यंत गेले. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ही आपल्याकडची पहिली मोठी कौटुंबिक मालिका. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन, पी. कुमार वासुदेव यांचे दिग्दर्शन आणि भागाच्या शेवटी चार शब्द सांगायला येणारे अशोककुमार. ती केवळ करमणुकीसाठी काढलेली नव्हती. मेक्सिकोमध्ये मालिकांच्या माध्यमातून कुटुंबनियोजनासारखे विषय घरोघर पोहोचवण्यात आले होते. तोच विचार या मालिकेच्या मुळाशी होता.

दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम आणि त्याचे सगळे मुकाट्याने सोसणारी त्याची पत्नी भगवंती, हे त्या घरातले जोडपे. माझ्या आईला हिंदी बेताचेच समजे, पण भगवंती पूर्ण समजे. “बाई असावी तर अशी सोशिक,” असे ती कौतुकाने म्हणे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मलाही ते पटत असे.

भगवंतीचे कौतुक व्हावे, हा मालिका करणाऱ्यांचा हेतूच नव्हता. बाईने सारे निमूटपणे सोसले की तिची काय दशा होते, ते त्यांना दाखवायचे होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा कित्येक प्रेक्षकांनी भगवंतीलाच आदर्श मानल्याचे आढळले. माझी आई काही एकटी नव्हती तर!

या वेळी भगवंतीला पाहताना मला कौतुक वाटले नाही. मला तिची काळजी वाटली. ही बाई जेवते कधी, झोपते कधी, तिचे काही दुखत असेल का, असे प्रश्न मनात येऊ लागले. आणि मग आई आठवली. सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेसुरले घेऊन बसणारी आई. ‘मला काही होत नाही’ हे तिचे पालुपद. तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन किती खाली गेले होते, ते ती नळावर चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हांला कळले. ज्याला आम्ही सोशिकपणा म्हणत होतो, त्याच्या आड ॲनिमिया वर्षानुवर्षे लपून बसला होता. भगवंतीकडे आम्ही सगळे मिळून पाहत होतो. तिच्यासारखीच जी आमच्या शेजारी बसली होती, तिच्याकडे कुणी पाहिले नाही.

काही पात्रे मात्र खरोखरच वयाने वाढून परत येतात. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली आणि कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागले की दुनिया’ १९८८ साली आली. त्यातले वागले दांपत्य, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, २०२१ साली नव्या मालिकेत पुन्हा त्याच भूमिकांत दिसले, पण आता आजी-आजोबा होऊन. घर त्यांच्या मुलाच्या हाती गेले होते. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याच्या लहानसहान विवंचनांभोवती सगळी गोष्ट फिरे, तो माणूस आता गोष्टीच्या कडेला बसून मुलाच्या विवंचना पाहत होता. घराघरांत नेमके हेच घडते. मधला माणूस हळूहळू कडेला जातो, खुर्ची कोपऱ्यात सरकते आणि ती नेमकी कधी सरकली हे कुणालाच सांगता येत नाही.

वेताच्या खुर्चीतले अण्णा

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर माझी नऊ वर्षांची नात माझ्याबरोबर ‘टिपरे’ पाहू लागली. एका प्रसंगाला ती खळखळून हसली, मीही हसले. तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “आजी, तू नेहमी माझ्यानंतर का हसतेस?”

“म्हणजे गं?”

“मी हसले की तू आधी माझ्याकडे बघतेस. मग हसतेस.”

मी काहीतरी उत्तर देऊन तिला वाटेला लावले. पण रात्री झोप येईना. गेले वर्षभर मी टीव्हीचा आवाज वाढवत होते. ‘आई, किती मोठा आवाज!’ असे मुलगा म्हणाला की ‘हल्लीचे नट पुटपुटतात’ असे मी म्हणत असे. या मालिकेच्या बाबतीत ‘ध्वनिमुद्रण जुने आहे’ अशी मी माझी समजूत घातली होती. पण २००१ साली याच मालिकेतला शब्द न् शब्द मला समजत होता.

आणि तेव्हा ती वेताची खुर्ची आठवली.

अण्णाही उशिरा हसत. आम्ही सगळे हसलो की क्षणभराने त्यांचे हसू येई. मुले त्यांची थट्टा करत, “अण्णांची ट्यूबलाइट उशिरा पेटते!” तेही त्या थट्टेवर हसत, बहुधा तेही आमच्याकडे पाहूनच. सुरुवातीला ते म्हणत, “अगं, जरा आवाज मोठा कर.” मी म्हणे, “अण्णा, शेजाऱ्यांना त्रास होतो. आणि उद्या याची चाचणी परीक्षा आहे.” मग ते म्हणत, “राहू दे, राहू दे. येतंय मला ऐकू.” पुढे त्यांनी आवाज वाढवायला सांगणेच सोडले. काही महिन्यांनी मालिका अर्ध्यावर सोडून ते गॅलरीत जाऊन बसू लागले. त्यांना कंटाळा येत असेल, झोप येत असेल, असे आम्ही मानले. लग्नकार्याला जायचे त्यांनी टाळले, तेव्हा ‘वयानुसार माणूस अलिप्त होतो’ असे आम्हीच एकमेकांना समजावले. मुले त्यांच्याशी बोलेनाशी झाली, कारण प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागे.

टिपऱ्यांच्या घरात आबांना सगळे बोलत, त्यांच्याशी भांडत, त्यांना थट्टेत ओढत. ते पाहताना मला तेव्हा वाटे, मालिका आहे म्हणून चालते. खऱ्या घरात एवढा वेळ कुणाकडे असतो? आज वाटते, अण्णा त्या घराकडे पाहत असतील तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल? शब्द ऐकू येत नसले, तरी चार माणसे एका माणसाभोवती बसली आहेत एवढे तर त्यांना दिसत होते.

पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी आम्हांला विचारले, “यांना कमी कधीपासून ऐकू येतं?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कुणालाच सांगता आले नाही. कानाचे यंत्र घेतले, पण तोवर अण्णांचे वय ऐंशीच्या घरात गेले होते आणि गप्प राहण्याची सवय फार जुनी झाली होती. यंत्र बहुतेक वेळ डबीतच राहिले. २००९ साली अण्णा गेले. ती डबी अजून माझ्या कपाटात आहे.

कान आणि मन

गुडघा जरा चालू लागताच मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. ऑडिओमेट्री ही श्रवणचाचणी अगदी सोपी असते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की खूण करायची. माझ्या दोन्ही कानांना वयोमानानुसार येणारे श्रवणदौर्बल्य आहे, असे निदान झाले.

या दौर्बल्याचा एक विशेष समजून घेतला पाहिजे, कारण घरच्यांचा गैरसमज त्यातूनच होतो. यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत येतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते उमगत नाही. मागे संगीत असेल किंवा चार जण एकदम बोलत असतील, तर आणखी गोंधळ होतो. घरचे म्हणतात, ‘यांना हवे तेवढेच बरोबर ऐकू येते.’ तो आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. शांत खोलीत समोर बसून बोललेले कळते आणि स्वयंपाकघरातून मारलेली हाक कळत नाही, एवढेच.

हा प्रश्न केवळ कानांपुरता राहत नाही. अर्धवट ऐकू येणारा माणूस चुकीचे उत्तर देण्याच्या भीतीने बोलणे टाळतो, मग माणसे टाळतो आणि एकटा पडतो. त्यातून मन खचते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे १४ आटोक्यात आणता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदौर्बल्याचाही समावेश आहे. कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही.

म्हणून घरात पुढील गोष्टी दिसल्या तर एकदा चाचणी करून घ्यावी: टीव्हीचा आवाज वाढत जाणे, लोक पुटपुटतात अशी तक्रार, फोन नेहमी एकाच कानाला लावणे, प्रश्नाला भलतेच उत्तर येणे, समारंभ टाळणे आणि इतरांकडे पाहून उशिरा हसणे. कधी कधी साठलेला मळ एवढेच कारण निघते आणि तो डॉक्टरांनी काढला की काम भागते. घरी पिना, काड्या घालू नयेत आणि गरम तेल ओतू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही न दवडता तज्ज्ञांना गाठावे. त्यावरील उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची आशा अधिक असते.

यंत्राविषयी दोन शब्द. चष्मा लावताच दिसू लागते, तसे कानाच्या यंत्राचे नसते. जे आवाज मेंदू वर्षानुवर्षे विसरला होता ते एकदम परत येतात: भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, आपल्याच पावलांचा आवाज. सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत घरात थोडा वेळ वापरून हळूहळू वेळ वाढवावा. म्हणूनच यंत्र लवकर घेणे हिताचे. अण्णांच्या बाबतीत आम्ही नेमके इथेच चुकलो. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणाच्या क्षेत्रात काम करते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळण्याची सोय आहे.

पुन्हा पाहताना

जुन्या मालिका अवश्य पाहा. शक्य असेल तर एकट्याने पाहू नका. घरातल्या दोन किंवा तीन पिढ्यांनी मिळून पाहा. एक भाग संपला की टीव्ही बंद करा आणि एकमेकांना एवढेच विचारा, ‘आज तुला कुणाची बाजू पटली?’ नातीचे उत्तर वेगळे येईल, सुनेचे वेगळे, आजोबांचे आणखी वेगळे. माझ्या सुनेने एकदा श्यामलाविषयी जे सांगितले, त्यातून तिच्या मनातले मला इतके कळले, की समोरासमोर बसून विचारले असते तर तिने ते कधीच सांगितले नसते. पात्राच्या आडून माणसे खरे बोलतात.

पथ्येही सांभाळा. ‘पुढचा भाग’ आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. झोपण्याच्या वेळेआधी तासभर पडदा मिटवा. एका भागानंतर उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. जेवताना पाहणे टाळा, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण त्या नादात किती खाल्ले याचे भान राहत नाही. आणि जुनी मालिका पाहिल्यावर मन हलके होण्याऐवजी रोज अधिकच जड होत असेल, आजच्या माणसांत परतावेसेच वाटत नसेल, तर ते कुणाजवळ तरी बोला. गरज पडल्यास समुपदेशकाची मदत घ्या.

घरात कमी ऐकू येणारे माणूस असेल तर त्याची खुर्ची टीव्हीच्या समोर आणि जवळ आणा. सबटायटल असतील तर लावा. बोलताना त्यांच्यासमोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, ओरडू नका, सावकाश बोला. विनोद कळला नसेल तर पुन्हा सांगा. दुसऱ्यांदा सांगितलेल्या विनोदात गंमत उरत नाही हे खरे. पण आपल्यासाठी कुणी तो पुन्हा सांगितला, याचा आनंद विनोदाहून मोठा असतो.

माझ्या कानांत आता यंत्रे आहेत. सवय होते आहे. भाजी फोडणीला टाकल्याचा चर्र आवाज मला ऐकू येतो आणि मधल्या काळात तो येत नव्हता हेही त्यामुळेच कळले. नात अजून माझ्यावर लक्ष ठेवून असते. कधी मी तिच्याबरोबर हसते, कधी अजूनही उशीर होतो. उशीर झाला की ती रिमोट घेते, प्रसंग थोडा मागे नेते आणि म्हणते, “आजी, आता नीट ऐक.”

अण्णांसाठी मला तो प्रसंग मागे नेता येणार नाही. तुमच्या घरात मात्र कुणीतरी असेल. म्हणून वाचकहो, आज रात्री सगळे मिळून टीव्हीसमोर बसाल, तेव्हा एखाद्या विनोदाच्या वेळी पडद्यावरची नजर काढून घ्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहा. तिथले माणूस कधी हसते, ते पाहा.